विश्लेषण : ‘रेल्वेचे जनक’ जॉर्ज स्टीफन्सन बाजारपेठेच्या छोट्या गावात का स्थिरावले?

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चेस्टरफील्ड या गावात रेल्वेने उतरले, की स्टेशनच्या दारातच एक पुतळा दिसतो. तो जॉर्ज स्टीफन्सन यांचा आहे. स्टीफन्सन या गावात जन्मले नाहीत आणि त्यांची प्रसिद्ध इंजिनेही इथे तयार झाली नाहीत. पन्नाशी उलटून गेल्यावर ते इथे आले, आयुष्याची शेवटची दहा वर्षे राहिले आणि इथल्याच चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. त्यांनी बांधलेल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेला २०२५ मध्ये २०० वर्षे पूर्ण झाली. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते, ते रेल्वेचे जनक कसे ठरले? ही उपाधी कितपत खरी आहे? आणि कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी लंडनऐवजी हे गाव का निवडले?

चेस्टरफील्ड हे कसले गाव?

डर्बी आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मधले हे बाजारपेठेचे गाव. राजा जॉन याने १२०४ मध्ये त्याला बाजाराची सनद दिली. तेव्हापासून इथला बाजार भरतो आहे आणि इंग्लंडमधील मोठ्या उघड्या बाजारांत आजही त्याची गणना होते. गावाची दुसरी ओळख म्हणजे सेंट मेरी चर्चचा वाकडा मनोरा. सुमारे ६९ मीटर उंचीचा हा लाकडी मनोरा पीळ दिल्यासारखा वळला आहे आणि त्याचे टोक जवळपास तीन मीटर बाजूला झुकले आहे. ओले लाकूड, आतून अपुरे आडवे टेके आणि वर शिशाच्या पत्र्यांचा बोजा ही त्याची सांगितली जाणारी कारणे आहेत.

परिसरात जमिनीखाली कोळसा आणि लोहखनिज होते, जवळच्या डोंगरांत चुनखडी होती. पण माल बाहेर नेण्याची सोय तुटपुंजी होती. गावाला कालवा होता, तरी कालव्याची वाहतूक संथ होती. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत चेस्टरफील्ड मुख्यतः बाजाराचेच गाव राहिले. ते बदलायला रेल्वे लागली आणि रेल्वेबरोबर आले स्टीफन्सन.

स्टीफन्सन यांचे बालपण कसे गेले?

जॉर्ज यांचा जन्म ९ जून १७८१ रोजी न्यूकॅसलच्या पश्चिमेला असलेल्या वायलम या खाणगावात झाला. वडील रॉबर्ट खाणीतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपावर फायरमन होते. आठवड्याला १२ शिलिंगच्या आसपास पगार आणि सहा मुले. आई-वडील दोघेही निरक्षर. एकाच घरात चार कुटुंबे राहत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक खोली येई. दारासमोरून लाकडी रुळांचा रस्ता जात असे. त्यावरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत. त्या काळी रेल्वे म्हणजे एवढेच होते.

शाळेचा प्रश्नच नव्हता. लहानपणी शेजारणीच्या गाई राखायच्या, दिवसाला दोन पेन्स मिळायचे. पुढे खाणीवर कोळशातले दगड निवडायचे काम मिळाले. मग वडिलांच्या हाताखाली सहायक आणि सतराव्या वर्षी स्वतंत्रपणे इंजिनावर. सुट्टीच्या दिवशी ते इंजिन खोलून, पुसून, पुन्हा जोडत. कोणता भाग कशासाठी आहे हे त्यांनी हाताने शिकून घेतले. मात्र इंजिनांविषयी कुठे काय छापून येते ते वाचता येत नाही, ही बोच होती. म्हणून अठराव्या वर्षी त्यांनी पदरचे पैसे भरून रात्रशाळा धरली. तिथे अक्षरओळख, लेखन आणि हिशेब शिकले.

१८०२ मध्ये फॅनी हेंडरसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पगार पुरत नसे, म्हणून फावल्या वेळात ते जोडे शिवत आणि घड्याळे दुरुस्त करत. १८०३ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांवरून रॉबर्ट ठेवले. दोन वर्षांनी झालेली मुलगी तीन आठवड्यांत गेली आणि १८०६ मध्ये क्षयाने फॅनीही गेल्या. लहानग्या रॉबर्टला शेजारणीकडे ठेवून जॉर्ज कामासाठी स्कॉटलंडमधील मॉन्ट्रोजला गेले. काही महिन्यांनी परतले, तेव्हा वाफेने भाजून वडिलांची दृष्टी गेली होती. वडिलांचे कर्ज फेडणे, त्यांचा सांभाळ आणि सक्तीच्या सैन्यभरतीत आपल्याऐवजी दुसरा माणूस देण्याचा खर्च, यांत साठवलेली सगळी पुंजी संपली.

इंजिनांचे जाणकार म्हणून नाव कधी झाले?

१८११ मध्ये. किलिंगवर्थजवळच्या एका नव्या खाणीत पाणी उपसण्यासाठी बसवलेले इंजिन चालतच नव्हते. जवळपास वर्षभर तज्ज्ञ येऊन गेले, पण खाण पाण्याखालीच राहिली. शेजारच्या खाणीवर काम करणाऱ्या जॉर्ज यांनी ते दुरुस्त करण्याची तयारी दाखवली. त्यांनी काही बदल केले आणि थोड्याच दिवसांत खाण कोरडी झाली. बक्षीस म्हणून दहा पौंड मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या वर्षी त्या खाणमालकांच्या सर्व यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे आली, वर्षाला १०० पौंड पगारावर.

हातात पैसे येताच त्यांनी मुलाला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. शाळेसाठी रॉबर्ट रोज शहरात जाई आणि तिथल्या ग्रंथालयातून पुस्तके घरी आणी. संध्याकाळी तो बापाला वाचून दाखवी. पुढे काही महिने रॉबर्ट एडिंबरा विद्यापीठातही शिकला. मुलाच्या शिक्षणाबरोबर वडिलांचेही शिक्षण होत गेले. घराच्या दारावर दोघांनी मिळून बसवलेली सूर्यघड्याळाची तबकडी त्या अभ्यासाची खूण ठरली.

सुरक्षा दिव्याचा वाद काय होता?

त्या काळी खाणमजूर उघड्या ज्योतीच्या उजेडात काम करत. कोळशातून निघणारा ज्वलनशील वायू पेटला, की एका क्षणात डझनावारी माणसे जात. १८१५ मध्ये जॉर्ज यांनी एक बंदिस्त दिवा बनवला. लहान छिद्रांतून हवा आत गेली तर ज्योत बाहेर पसरत नाही, हे त्यांनी प्रयोगाने ताडले होते. तो दिवा घेऊन खाणीत जिथून वायू सुसाट बाहेर पडत होता, तिथे ते स्वतः गेले. अंदाज चुकला असता तर ते परत आले नसते.

त्याच सुमारास लंडनमध्ये प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनीही तारेच्या जाळीचा सुरक्षा दिवा तयार केला. खाणमालकांनी डेव्ही यांना दोन हजार पौंड दिले आणि जॉर्ज यांच्यावर कल्पना चोरल्याचा आरोप झाला. न शिकलेला, बोलीभाषेत बोलणारा खाणीतला माणूस असे काही शोधू शकतो, हे विद्वानांना पटेना. न्यूकॅसलच्या लोकांनी चौकशी केली, जॉर्ज यांनी स्वतंत्रपणे काम केल्याचे मान्य केले आणि त्यांच्यासाठी एक हजार पौंड जमवले. १८३३ मध्ये संसदेच्या समितीनेही या शोधावर त्यांचा बरोबरीचा हक्क मान्य केला. पण तोपर्यंत डेव्ही हयात नव्हते आणि जॉर्ज यांच्या मनात लंडनच्या सैद्धांतिक तज्ज्ञांविषयी कायमची अढी बसली होती. त्यांच्या पुढच्या अनेक निर्णयांमागे ही अढी होती.

वाफेवरची गाडी ही त्यांचीच कल्पना होती का?

नाही. रुळांवरून वाफेचे इंजिन प्रथम चालवले ते रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी, १८०४ मध्ये वेल्समध्ये. त्या इंजिनाने दहा टन लोखंड ओढले, पण त्याच्या वजनाने ओतीव लोखंडाचे रूळ तुटले. पुढे लीड्सजवळ जॉन ब्लेंकिन्सॉप यांची दातेरी चाकाची इंजिने १८१२ पासून चालू लागली. जॉर्ज यांच्या जन्मगावी, वायलमला, विल्यम हेडली यांचीही इंजिने धावत होती. जॉर्ज यांचे पहिले इंजिन ‘ब्लूखर’ जुलै १८१४ मध्ये किलिंगवर्थला चालले. त्याने चढावर ३० टन कोळसा ताशी चार मैल वेगाने ओढला.

मग जॉर्ज यांचे वेगळेपण कशात? इतरांनी इंजिनाकडे पाहिले. जॉर्ज यांनी इंजिनाबरोबर त्याच्याखालचा रूळ, रुळाखालची जमीन आणि जमिनीचा चढउतार यांचा एकत्र विचार केला. ट्रेव्हिथिक यांचा प्रयोग रुळांपाशी अडला होता. म्हणून जॉर्ज यांनी १८१६ मध्ये विल्यम लॉश यांच्यासह सुधारित ओतीव रुळांचे पेटंट घेतले. चढावर इंजिनाची ओढ झपाट्याने घटते हे मोजून पाहिले, म्हणून मार्ग शक्य तितका सपाट ठेवण्याचा नियम केला. दरी आली तर भराव, टेकडी आली तर खोदाई किंवा बोगदा. आज हे सगळे स्वाभाविक वाटते, तेव्हा तसे नव्हते. रुळांवर इंजिन चालू शकते हे आधीच्यांनी दाखवले. त्यावर रोजचा व्यवहार चालू शकतो हे जॉर्ज यांनी दाखवले.

डार्लिंग्टनमध्ये काय घडले?

डार्लिंग्टन हेही बाजारपेठेचेच गाव. तिथले लोकरीचे व्यापारी एडवर्ड पीज यांना खाणींतला कोळसा स्टॉकटनच्या बंदरापर्यंत स्वस्तात न्यायचा होता. त्यांच्या डोक्यात घोड्यांनी ओढायची रेल्वे होती. १८२१ मध्ये जॉर्ज त्यांना भेटले आणि वाफेचे इंजिन वापरण्याचा आग्रह धरला. किलिंगवर्थची इंजिने पाहून पीज यांची खात्री पटली.

रूळ कोणते घ्यायचे, यावर जॉर्ज यांच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागली. ओतीव रुळांचे पेटंट त्यांचे स्वतःचे होते, ते रूळ घेतले असते तर त्यांनाच पैसे मिळाले असते. पण जॉन बर्किनशॉ यांनी घडीव लोखंडाचे लांब रूळ तयार केले होते आणि ते सहजी तुटत नसत. जॉर्ज यांनी त्यांचीच शिफारस केली. त्यात त्यांचे सुमारे ५०० पौंडांचे नुकसान झाले आणि लॉश यांच्याशी असलेले संबंधही तुटले. १८२३ मध्ये त्यांनी मुलाच्या नावाने न्यूकॅसलला इंजिनांचा कारखाना काढला. पीज त्यात भागीदार होते.

२७ सप्टेंबर १८२५ रोजी ‘लोकोमोशन’ या इंजिनाने कोळसा, पीठ आणि सुमारे ६०० माणसे घेऊन शिल्डनहून डार्लिंग्टनमार्गे स्टॉकटन गाठले. इंजिन चालवत होते स्वतः जॉर्ज. वाफेच्या सार्वजनिक रेल्वेची सुरुवात म्हणून हा दिवस ओळखला जातो. एक तपशील मात्र अनेकदा विसरला जातो. पुढची आठ वर्षे या मार्गावर प्रवाशांचे डबे घोडेच ओढत होते आणि वाफ मुख्यतः कोळशासाठी होती. रुळांच्या दोन पट्ट्यांमधील चार फूट आठ इंच हे अंतर जॉर्ज यांनी खाणींतल्या जुन्या रस्त्यांवरून तसेच उचलले. नंतर त्यात अर्धा इंच वाढला आणि आज जगभर जे ‘स्टँडर्ड गेज’ म्हणून ओळखले जाते ते हेच.

संसदेत त्यांची फजिती का झाली?

त्याच वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे विधेयक संसदेच्या समितीपुढे आले. सर्वेक्षण जॉर्ज यांचे होते. कालव्यांचे मालक आणि जमीनदार रेल्वेच्या विरोधात होते. त्यांचे वकील एडवर्ड आल्डरसन यांनी जॉर्ज यांची उलटतपासणी घेतली. जमिनीच्या पातळ्या चुकल्या होत्या, नदीवरच्या पुलाची उंची त्यांना सांगता येईना. सहायकांच्या मोजणीवर ते विसंबले होते आणि ती त्यांनी तपासली नव्हती. त्यांच्या उत्तरेकडच्या बोलीचीही टिंगल झाली. विधेयक पडले आणि जॉर्ज यांना कामावरून दूर करण्यात आले.

टिंगल अन्यायाची होती, पण चुका खऱ्या होत्या. दुसऱ्या अभियंत्यांनी नव्याने केलेल्या सर्वेक्षणावर १८२६ मध्ये विधेयक मंजूर झाले. मात्र प्रत्यक्ष बांधकामासाठी कंपनी पुन्हा जॉर्ज यांच्याकडेच आली. वाटेत चॅट मॉस नावाची मैलोन्मैल पसरलेली दलदल होती. तिच्यावर रेल्वे बांधणे अशक्य आहे असे समितीत सांगितले गेले होते. जॉर्ज यांनी तळ शोधण्याचा नाद सोडला, फांद्या आणि झुडपांच्या विणलेल्या चटया अंथरल्या आणि त्यांवर मार्ग तरंगता ठेवला. तो मार्ग आजही वापरात आहे.

ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली. ‘रॉकेट’ने ती जिंकली आणि ५०० पौंडांचे बक्षीस मिळवले. या इंजिनाचे श्रेय प्रामुख्याने रॉबर्ट यांचे. बॉयलरमधून अनेक नळ्या नेण्याची महत्त्वाची कल्पना कंपनीचे सचिव हेन्री बूथ यांची होती. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्ग सुरू झाला तो मात्र शोकाच्या छायेत. समारंभात खासदार विल्यम हस्किसन ‘रॉकेट’खाली सापडले. जॉर्ज यांनी दुसऱ्या इंजिनाने त्यांना उपचारांसाठी विलक्षण वेगाने नेले, पण ते वाचले नाहीत. तरीही रेल्वेचे यश आता कोणी नाकारू शकत नव्हते.

चेस्टरफील्डशी संबंध कसा आला?

पुढच्या दशकात जॉर्ज यांच्याकडे कामांची रांग लागली. त्यांपैकी एक होते डर्बी ते लीड्स हा ७२ मैलांचा नॉर्थ मिडलंड मार्ग. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी तो नद्यांच्या खोऱ्यांतून नेला आणि चढ सौम्य ठेवले. अँबर आणि रॉदर या दोन नद्यांच्या मधला उंचवटा मात्र टाळता येत नव्हता. तिथे चेस्टरफील्डच्या दक्षिणेला क्ले क्रॉस येथे एक मैलापेक्षा थोडा जास्त लांबीचा बोगदा खणावा लागला.

खोदकामात कोळशाचे आणि लोहखनिजाचे थर लागले. दुसऱ्या कोणाला तो बांधकामातला अडथळा वाटला असता. खाणीत वाढलेल्या जॉर्ज यांना त्यात पुढची पन्नास वर्षे दिसली. १८३७ मध्ये त्यांनी भागीदारांना घेऊन क्ले क्रॉसची जमीन आणि खनिज हक्क मिळवले. वर्षभराने त्यांनी चेस्टरफील्डजवळच्या टेकडीवरील टॅप्टन हाउस हे विटांचे प्रशस्त घर भाड्याने घेतले. त्याच्या पायथ्याशीच त्यांचा रेल्वेमार्ग घातला जात होता. १८४० मध्ये तो सुरू झाला.

इथे त्यांच्या विचाराची पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते. रेल्वेसाठी बोगदा खणला, बोगद्यात कोळसा सापडला. मोठा कोळसा रेल्वेने थेट लंडनला जाऊ लागला, तोवर राजधानीत तो समुद्रमार्गे येत असे. उरलेल्या बारीक कोळशाला गिऱ्हाईक नव्हते. मग जवळच्या क्रिच येथील डोंगरातली चुनखडी उतारावरच्या रुळांवरून खाली आणायची आणि अँबरगेट येथे, अर्थातच रेल्वेच्या कडेला, बारीक कोळशावर तिची भट्टी लावायची. तयार चुना शेतीला आणि बांधकामाला रेल्वेनेच जाई. एका कामातून जे उरते ते दुसऱ्या कामाला लावायचे आणि सगळे जोडायला रूळ. वस्ती नावालाच असलेले क्ले क्रॉस बघता बघता खाणी, भट्ट्या आणि मजुरांच्या घरांचे गाव झाले.

शेफील्डकर नाराज का झाले?

सपाट मार्गाच्या आग्रहाची किंमतही होती. पोलादाच्या धंद्यामुळे वाढत असलेले शेफील्ड शहर टेकड्यांत होते. तिथून मार्ग न्यायचा तर मोठे चढ आणि बोगदे लागणार होते. जॉर्ज यांनी शहर बाजूला ठेवले आणि खोऱ्याने मार्ग नेला. शेफील्डच्या लोकांनी विरोध केला, पर्यायी मार्ग सुचवला, पण जॉर्ज हटले नाहीत. शेफील्डला दुसऱ्या एका फाट्यावरून मुख्य मार्गाला येऊन मिळावे लागे.

त्या वेळच्या इंजिनांची ताकद पाहता निर्णय चुकीचा नव्हता. पण इंजिने सुधारतील आणि चढ सोपे होतील, हा हिशेब त्यात नव्हता. तरुण अभियंते, विशेषतः त्यांचेच शिष्य जोसेफ लॉक, चढ स्वीकारून थेट मार्ग आखू लागले होते. त्यांच्याशी जॉर्ज यांचे आधीच बिनसले होते. चेस्टरफील्डहून शेफील्डला थेट जाणारा मार्ग ब्रॅडवेच्या लांब बोगद्यातून १८७० मध्ये सुरू झाला. तोवर तीस वर्षे गेली होती. जॉर्ज यांची जी दृष्टी चेस्टरफील्डला फळली, तीच शेफील्डला नडली.

शेवटची वर्षे कशी होती?

१८४० नंतर जॉर्ज नव्या रेल्वेंच्या कामांतून हळूहळू बाजूला झाले. १८४५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरचे वेड पसरले आणि कागदावरच्या कंपन्या निघू लागल्या. अनेकांना जॉर्ज यांचे नाव हवे होते, पण ते त्या लाटेपासून बरेचसे दूर राहिले. सरदारकीचा मानही त्यांनी नाकारला. खाणी, चुन्याच्या भट्ट्या आणि बाग यांत त्यांचा वेळ जाई.

बागेतही अभियंता शांत बसला नाही. तापवलेल्या काचघरांत त्यांनी द्राक्षे, खरबुजे आणि अननस वाढवले. जवळच्या चॅट्सवर्थ येथील नामांकित उद्यानतज्ज्ञ जोसेफ पॅक्स्टन यांच्या अननसांशी त्यांची चुरस असे. काकड्या वाकड्या येतात म्हणून त्यांनी त्या काचेच्या नळ्यांत वाढवून सरळ केल्याचे सांगतात. ज्या गावाच्या चर्चचा मनोरा वाकडा, तिथे सरळ काकडीचा हट्ट धरणारा हा माणूस गावकऱ्यांच्या गमतीचा विषय झाला नसेल तरच नवल.

कामगारांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांना ते मदत करत आणि त्यांच्या सभांना जात. १८४७ मध्ये बर्मिंगहॅम येथे यांत्रिक अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज होते. दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ १८४५ मध्ये वारल्या. जानेवारी १८४८ मध्ये त्यांनी घराची व्यवस्था पाहणाऱ्या एलेन ग्रेगरी यांच्याशी विवाह केला. सात महिन्यांनी, १२ ऑगस्ट १८४८ रोजी, फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन टॅप्टन हाउसमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६७. चेस्टरफील्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एलिझाबेथ यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. अकरा वर्षांनी रॉबर्ट गेले, तेव्हा त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. वडील मात्र बाजारगावातच राहिले.

मुंबईशी काही नाते आहे का?

आहे, मुलाच्या मार्फत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. या कंपनीचे सल्लागार अभियंता होते रॉबर्ट स्टीफन्सन. प्रत्यक्ष जागेवर काम पाहणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कली हे रॉबर्ट यांच्याच हाताखाली तयार झालेले. भारतात मात्र रुळांतले अंतर पाच फूट सहा इंच ठरले. जॉर्ज यांचे चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर, महाराष्ट्रात आज मेट्रोमध्ये दिसते. मुंबई, नागपूर आणि पुणे मेट्रोचे रूळ याच मापाचे आहेत.

चेस्टरफील्डमध्ये आज काय उरले आहे?

क्ले क्रॉसच्या बोगद्यातून आजही गाड्या जातात. क्रिचच्या खाणीच्या जागी १९५९ पासून जुन्या ट्रामगाड्यांचे संग्रहालय उभे राहत गेले. जवळच्या बॅरो हिल येथे १८७० मधील गोलाकार इंजिनघर जतन केले आहे. गावात १८७९ मध्ये स्टीफन्सन मेमोरियल हॉल बांधला गेला. टॅप्टन हाउस पुढे मार्कम या उद्योजक घराण्याकडे गेले. चार्ल्स पॅक्स्टन मार्कम हे त्याच जोसेफ पॅक्स्टन यांचे नातू, ज्यांच्याशी जॉर्ज यांची अननसांची चुरस होती. त्यांच्या चेस्टरफील्डच्या कारखान्याने पुढे इंग्लंड-फ्रान्स यांच्यातील समुद्राखालच्या बोगद्यासाठी खोदाई यंत्रे बनवली. मार्कम यांनी टॅप्टन हाउस १९२५ मध्ये गावाला दिले आणि १९३१ मध्ये तिथे शाळा सुरू झाली.

जॉर्ज यांची छबी बँक ऑफ इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर १९९० पासून तेरा वर्षे होती. स्टेशनबाहेरचा पुतळा २००५ मधला. रेल्वेचे जनक ही उपाधी काटेकोरपणे पाहिली तर पूर्ण खरी नाही, कारण तिच्यात ट्रेव्हिथिक, हेडली, बर्किनशॉ, बूथ आणि खुद्द रॉबर्ट यांचाही वाटा आहे. पण इंजिन, रूळ, जमीन आणि बाजार यांची सांगड घालणारे पहिले अभियंते म्हणजे जॉर्ज. लंडनच्या विद्वानांनी त्यांना उशिरा मान्यता दिली. बाजारपेठेच्या एका गावाने ती आधीच दिली होती. अठराव्या वर्षी रात्रशाळेत अक्षरे गिरवणाऱ्या या माणसाच्या घरात पुढे मुलांची शाळा भरली, हे त्यांचे बहुधा सर्वांत शोभणारे स्मारक.